आतल्या काचेवरची हळद

आंबेघोळच्या आरोग्य केंद्रात खंडेनवमीची पूजा कुणी करायची यावरून त्या वर्षी वाद झाला, आणि तो ऊर्मिला चौगुलेने जिंकला. जिंकला नसता तर बरं झालं असतं असं तिला पुढे आयुष्यभर वाटणार होतं, पण त्या सकाळी ती भलतीच खुशीत होती.

ऊर्मिला तिथली प्रयोगशाळा तंत्रज्ञ. वय एकतीस, तोंडाने फटकळ, कामाला चोख. ज्यांच्यासाठी ती भांडली त्या शालनमावशी केंद्रात झाडलोट करायच्या. त्यांचा नवरा अकरा वर्षांपूर्वी घाटात जीप उलटून गेला. तेव्हापासून गावातल्या कुठल्याही हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नव्हतं. आंबेघोळला औषधं ड्रोनने उतरत होती, पंचायतीचा टेंपो विजेवर पळत होता, एवढं सगळं घाट चढून आलं होतं. हळदीचा करंडा मात्र विधवेपर्यंत पोचला नव्हता. कल्पना सिस्टरांनी तर स्पष्टच सांगितलं, की वर्षाची पूजा आहे, उगाच कशाला विषाची परीक्षा. त्यावर ऊर्मिला म्हणाली, "वर्षभर हे सगळं पुसतं कोण? मावशी पुसतात. मग पूजाही त्याच करतील." डॉक्टर पाटणे नुकतेच रुजू झालेले, त्यांना भांडण नको होतं. त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला.

शालनमावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. बरोबर त्यांची लेक प्रणाली होती. एकुलती एक, चोवीस वर्षांची, पंचायतीचा टेंपो तीच चालवायची. आईचा हात मोकळा राहावा म्हणून ती ताट धरून उभी राहिली. मावशींनी कात्र्यांना, चिमट्यांना, रक्तदाबाच्या यंत्राला एकेक करून हळदीचं बोट लावलं. शेवटी आली ती पेटी. तोवर बाकीची मंडळी शिरा खायला बाहेर गेली होती, प्रणालीही ताट देऊन टेंपो काढायला गेली होती.

"उघडू काय गं ऊर्मे हिला?" मावशींनी विचारलं. "हिचा डोळा आत हाय न्हवं?"

त्या पेटीच्या काचेवर कुणाचा श्वास पडला तरी ऊर्मिला खेकसायची. पण अकरा वर्षांनी हळदीत बुडालेल्या त्या बोटाला नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. ती हसली आणि म्हणाली, "उघडा." तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून ती वळली. मावशींनी ओल्या हळदीचं बोट कुठे टेकवलं ते तिने पाहिलंच नाही. काठाला लावलं असेल, उद्या पुसू, असं म्हणून तिने सोडून दिलं. पूजेला बसवलेली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात, तेव्हा पेटीही मिटूनच राहिली.

ही पेटी काय होती ते इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

सर्पदंशावर घोड्याच्या रक्तापासून लस करायचे कारखाने बंद होऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या जागी 'विषशोष' आलं. ते म्हणजे पाण्यात तरंगणारे अब्जावधी सूक्ष्म कण. एक कण एवढा बारीक की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. प्रत्येकावर रक्तपेशीच्या आवरणाचा मुलामा. सापाचं विष रक्तपेशी समजून त्यांना चिकटतं आणि तिथेच अडकून पडतं. जुन्या लसीसारखी अंगावर पित्तं उठत नाहीत, कुठला साप चावला हे ओळखत बसायला नको. फक्त एक खोट होती. औषध उन्हात तापलं किंवा जोरात हिंदकळलं तर कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, आणि अशी गुठळी शिरेत गेली की फुप्फुसात जाऊन बसते. मग विष राहतं बाजूला, माणूस औषधानेच मरतो. आणि गुठळ्या झालेली बाटली नुसत्या नजरेला चांगल्या बाटलीसारखीच दिसते, तशीच किंचित निळसर.

त्यासाठी पेटी. खिडकीला दोरी बांधून दुसरं टोक हलवलं तर दोरी वरखाली हलवता येते, आडवी हलवता येते, तिरकी हलवता येते. साध्या उजेडात अशी सगळ्या दिशांची थरथर एकत्र असते. तो उजेड अगदी बारीक कणावर आपटून बाजूला फुटला, आणि आपण बरोबर काटकोनातून बघितलं, तर त्यात एकाच दिशेची थरथर उरते. याला ध्रुवण म्हणतात. कण मोठा झाला, गुठळी झाली, की ही शिस्त मोडते आणि दिशांची सरमिसळ होते. पेटीत बाटली ठेवायची, झाकण लावायचं. आत निळा-जांभळा उजेड पडतो, बाजूच्या काचेतून पेटी बघते आणि आकडा सांगते. पंचाऐंशीच्या वर असला की हिरवा दिवा. खाली गेला की लाल, आणि त्याच क्षणी ती बाटली जिल्ह्याच्या यादीतून बाद. बाद बाटली टोचली तर टोचणाऱ्याचा परवाना जातो आणि वर गुन्हा दाखल होतो.

पेटी बनवणाऱ्यांनी तिला धूळ, दमट हवा, मुंग्या, पालीची अंडी, सगळ्यांपासून जपलं होतं. हळदीचा विचार मात्र त्यांच्या डोक्याला शिवला नव्हता. हळदीवर निळा-जांभळा उजेड पडला की ती स्वतःच पिवळसर-हिरवी चमकते. आणि त्या चमकेला शिस्त नसते, तिची थरथर सगळ्या दिशांना असते.

दुसऱ्या दिवशी दसरा. रोज सकाळी आठला पेटीत शुद्ध पाण्याची कोरी बाटली ठेवून ती तपासायची असा नियम होता. नवमीला पेटी बसवलेली म्हणून तपासणी चुकली होती. दसऱ्याला ऊर्मिला घरातलं तोरण लावून सव्वानऊला आली. मोबाइल ठेवते न ठेवते तोच फाटकात टेंपो घुसला. चालवत होता शेजारचा एक म्हातारा, आणि मागे आईच्या मांडीवर प्रणाली आडवी होती. आपट्याची पानं तोडायला ती साडेआठला टेकडीवर गेली होती. झुडपात घोणस होती. घोट्याच्या वर दोन दात स्पष्ट उमटले होते आणि पाय पोटरीपर्यंत टणक झाला होता. शुद्धीत होती. उलट आईलाच म्हणत होती की रडू नको, कालच तर पूजा केलीस.

ऊर्मिलाने काचेच्या नळीत तिचं रक्त घेऊन घड्याळ लावलं. वीस मिनिटांत रक्त गोठायला हवं. मग तिने शीतपेटीतून विषशोषच्या सहा बाटल्या काढल्या, वरवरची हळद पदराने पुसली आणि पहिली बाटली आत ठेवली. कोरी बाटली ठेवून पाहायची तिला आठवणसुद्धा झाली नाही. झाली असती तरी त्या घाईत ठेवली असती की नाही, देव जाणे.

लाल. आकडा अठ्ठावन्न.

दुसरी लाल. तिसरी लाल. एकेका बाटलीला तीन मिनिटं लागत होती. सहावी लाल पडली तेव्हा घड्याळ वाजलं. ऊर्मिलाने नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. विष अंगात भिनलं होतं.

डॉक्टर पाटण्यांनी शीतपेटीची नोंद काढली. परवाच्या वादळात वीज गेली तेव्हा ती तीन तास तापली होती. मर्यादा दोन तासांची. "म्हणजे गुठळ्या झाल्याच," ते म्हणाले. जिल्ह्याच्या कक्षाला फोन लावला. तिकडून एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, की लाल बाटल्या वापरू नयेत आणि वारा असल्यामुळे ड्रोन उडवता येणार नाही. केंद्राची रुग्णवाहिका पहाटे बाळंतिणीला घेऊन तालुक्याला गेली होती. तालुक्याच्या रस्त्यावर मागोमाग दरड आली. आता तिला लांबच्या रस्त्याने वळसा घालून यायचं होतं, म्हणजे साडेअकरा तरी वाजणार. टेंपोत घालून न्यावं तर बॅटरी निम्म्या वाटेपर्यंतसुद्धा पुरली नसती.

पलीकडच्या खोलीत मावशी लेकीचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. प्रणालीच्या हिरडीतून रक्त यायला लागलं होतं. मावशी ते लुगड्याच्या टोकाने टिपत होत्या आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होत्या. ऊर्मिला दारात आली की त्यांचा चेहरा उजळायचा. ते ऊर्मिलाला बघवेना.

ती परत पेटीपाशी येऊन आकड्यांकडे बघत राहिली. अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गुठळ्या काय कवायत करत नाहीत. औषध तापलं तर एक बाटली जास्त बिघडेल, एक कमी, एखादी वाचेलही. सहाच्या सहा मेल्या आणि सगळ्या सारख्याच मापाने मेल्या, असं होत नाही. खोट बाटल्यांत नव्हती. तिने कोरी बाटली आत ठेवली. शुद्ध पाण्यात पेटीला अंधार दिसायला हवा. पेटीला लखलखाट दिसला.

तिने झाकण उघडून मोबाइलचा उजेड आत टाकला. बाजूच्या काचेवर, बरोबर मध्यभागी, एका बोटाचा पिवळाधमक ठसा होता.

काल आपणच हसून "उघडा" म्हणालो. आपणच वळलो. आज सकाळी आपणच तपासलं नाही.

स्पिरिटच्या बोळ्याने तिने काच घासली. बोळे पिवळे होत गेले, ते तिने ॲप्रनच्या खिशात कोंबले. काच स्वच्छ झाली, पण हळद भोवतालच्या पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये मुरली होती. पुन्हा पहिली बाटली लावली. आकडा एकाहत्तर. पुन्हा घासलं. त्र्याहत्तर. कापड धुतलेल्या कुणालाही सांगता येईल, हळदीचा डाग असा जात नाही. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

ती डॉक्टरांकडे धावली. म्हणाली, आतली काच खराब झालीय, पेटी खोटं बोलतेय, बाटल्या चांगल्या असू शकतात. डॉक्टर म्हणाले, असू शकतात आणि आहेत यात माणूस मरतो. सहातली एक जरी बिघडलेली असली तर? त्यांचंही चुकत नव्हतं. शीतपेटी तापली होती हे खरंच होतं.

"तुमचा गॉगल द्या," ऊर्मिला म्हणाली.

उन्हात गाडी चालवताना रस्त्याची चकाकी मारणारा गॉगल होता तो. त्याच्या काचा एकाच दिशेची थरथर आत सोडतात. पेटी जे करते तेच, फक्त आकडा सांगत नाहीत. ऊर्मिलाने औषधांच्या कोठीत जाऊन दार लावलं. पुठ्ठ्याला फट पाडून तिने टॉर्च मागे धरला आणि बाटलीतून उजेडाची एक बारीक रेघ सोडली. बाजूने, काटकोनातून, एका डोळ्यासमोर गॉगलची काच धरून ती हळूहळू फिरवायला लागली. कण सुटे असतील तर काच एका जागी आली की रेघ विझायला हवी. विझली नाही तर गुठळ्या.

पहिल्या बाटलीत रेघ विझली. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा विझली. दुसऱ्या बाटलीतही विझली. तिसरीत रेघ मंद झाली, पण गेली नाही. चौथीतही तसंच. पाचवी विझली. सहावीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. विझली म्हणावी तर काहीतरी उरल्यासारखं वाटत होतं, उरलं म्हणावं तर डोळ्यांत पाणी होतं. तिने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, आणि ती बाटली बाजूला ठेवली. एका जिवाचा निवाडा आपल्या डोळ्यावर आलाय, आणि तो डोळा रडतोय, याची तिला मनापासून चीड आली.

तीन बाटल्या घेऊन ती बाहेर आली. मात्रा चार बाटल्यांची होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं.

"तुम्ही सही कराल?"

"आधी टोचा. मग जिथे सांगाल तिथे करते."

अकरा वाजून पाच मिनिटांनी पहिली बाटली प्रणालीच्या शिरेत गेली. सगळे तिच्या छातीकडे बघत होते, श्वास लागतोय का म्हणून. श्वास लागला नाही. दुसरी गेली, तिसरी गेली. ऊर्मिलाचा डोळा चुकला नव्हता. हिरडीतलं रक्त कमी झालं. प्रणालीने पाणी मागितलं. मावशींनी ऊर्मिलाचा हात धरून कपाळाला लावला आणि त्या पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

पावणेबारापर्यंत सगळ्यांना वाटत होतं की जमलं. मग प्रणाली म्हणाली, डोकं दुखतंय. मग म्हणाली, दिवा कुणी मालवला. खोलीत लख्ख ऊन होतं. दहाला जे थांबवायला हवं होतं ते अकरापर्यंत थांबलं नव्हतं, आणि तेवढ्यात डोक्यात कुठेतरी रक्त झिरपलं होतं. रुग्णवाहिका आली, निघाली, आणि एक वाजायच्या आत परत फिरली.

गाव गप्प बसलं नाही. तिसऱ्या दिवसापासूनच कुजबुज सुरू झाली, की यंदा पूजा कुणाच्या हातची झाली ते आधी बघा. कल्पना सिस्टर वाईट बाई नव्हत्या, पण त्यांनी तोंड आवरलं नाही. दहाव्या दिवशी ऊर्मिला मावशींकडे गेली तेव्हा मावशी परसातल्या नळाखाली उजवा हात धरून बसल्या होत्या. साबणाची वडी निम्मी झिजली होती आणि बोटांची सालपटं निघाली होती.

"ऊर्मे, माझ्या हातानं झालं काय गं?" त्यांनी विचारलं. "लोक म्हंत्यात त्यापायी न्हाई इचारत. मला तू सांग. माझ्या हळदीनं झालं काय?"

ऊर्मिलाने त्यांचा हात नळाखालून काढला, टॉवेलने कोरडा केला आणि नाही म्हणून सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नाही. ऊर्मिला निघाली तेव्हा पुन्हा नळाचा आवाज आला. रस्त्याने चालताना तिला एकच गोष्ट समजत होती. ही बाई पोरीच्या दुःखातून उठली तरी या हाताच्या दोषातून उठायची नाही.

चौकशी समिती पुढच्या आठवड्यात आली. तीन माणसं, केंद्राच्या मोठ्या खोलीत टेबल लावून बसली. पेटी मधोमध ठेवली होती. गावातले दहा-बाराजण, सिस्टर, डॉक्टर, आणि भिंतीला टेकून शालनमावशी. आतल्या काचेभोवती हळदीचा अंश सापडलाय, असं अहवालात आलं होतं. समितीच्या बाईंनी विचारलं, पूजा कुणी केली. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या. मावशींनी हात पदराखाली घेतला.

ऊर्मिला उभी राहिली.

"पूजा शालनमावशींनी केली. त्यांनी पेटीला बाहेरून हळद लावली," ती म्हणाली. "नंतर सगळे शिरा खायला गेले तेव्हा मी एकटी आत होते. मला वाटलं, आतूनही लावावी. झाकण उघडून मी बोट टेकवलं. सकाळची तपासणीही मीच केली नाही."

डॉक्टर पाटण्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं, काय नाही, सांगता येत नाही. समितीच्या बाईंनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि सही घेतली. ऊर्मिलाची नोकरी त्याच दिवशी गेली, गुन्हाही नोंदवला गेला. महिनाभराने सगळ्या केंद्रांना परिपत्रक निघालं की पेटीची पूजा करायचीच तर फक्त बाहेरून करावी, आणि नव्या पेट्यांत पिवळा उजेड गाळणारी काच बसली. शास्त्राचं काम तेवढ्यावर भागलं.

सगळे पांगल्यावर मावशी तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ऊर्मिलाला वाटलं होतं, त्यांना सगळं आठवेल. आपण विचारलं, "उघडू काय?", ही हसली, आपण बोट आत घातलं. पण मावशींना ते आठवत नव्हतं, किंवा आठवून झेपणारं नव्हतं. गेले वीस दिवस वाकलेली त्यांची पाठ सरळ झाली होती. चेहऱ्यावर राग होता, आणि त्या रागात जीव होता. गेल्या सहा वर्षांत त्यांनी ऊर्मिलाला कधी 'ऊर्मे'शिवाय हाक मारली नव्हती.

"माझी हळद देवानं घेतली हुती, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमी कशाला परत हात लावला?"

ऊर्मिलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. एक शब्द बोलली असती तर ही बाई तिला परत मिळाली असती, आणि त्याच क्षणी कायमची मोडली असती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मावशींनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढला, तिच्या तोंडावर एक सणसणीत थप्पड मारली आणि मागे वळून न बघता त्या घरी गेल्या.